खंड न पडलेले सोमवार

८ जून १९८६
निमाला बघायला बोरिवलीची माणसं येऊन गेली. मुलगा बँकेत. तो फारसा बोलला नाही, त्याची आई बोलली. निमानं पोह्यांच्या बश्या दिल्या. बाई तिच्या दंडाकडे बघत होत्या.
संध्याकाळी काळेकाका निरोप घेऊन आले. मध्यस्थ तेच. ‘मुलगी पसंत आहे हो. फक्त जरा अंगानं...’ पुढचं चहाबरोबर गिळलं. ‘सहा महिने थांबू म्हणतात.’
आई लगेच, ‘होईल की!’ साडीला फॉल लावून ठेवते म्हणावं, तसं.
मी बश्या उचलत होते. मला बघायला आलेल्यांनी कधी मुदत दिली नाही. मी तेहतीस, निमा बावीस.

१४ जून
केमिस्टकडचा काटा खोटा, असं आईचं मत. म्हणून लाकडाच्या वखारीत. लाकडं जोखायच्या काट्यावर निमाला उभं केलं. चपला काढून, बांगड्या काढून. हमाल हातातलं काम टाकून बघत राहिले.
‘एकसष्ट,’ वखारवाले शेठ म्हणाले. ‘ओला लाकूड पण जादा भरते, बेन. सुकला की उतरेल.’
सगळ्यांत मोठ्यानं निमा हसली. घरी येईपर्यंत हसत होती. रात्री जेवली नाही.

२ जुलै
सकाळी लिंबू-मध. दुपारी अर्धी भाकरी, उकडलेला दुधी. आईनं तिची वाटी बदलली. आता लोणच्याची.
माझं ताट तेच. ‘तुझं आता काय,’ आई म्हणाली. रागानं नव्हे.

२७ जुलै
छप्पन्न. शेजारच्या साठेकाकू जिन्यात भेटल्या. ‘अगं निमे, काय दिसायला लागलीस! आमच्या वंदीला सांग ना काय करतेस ते. नुसती लोळत असते.’
निमा लाजली. मीही म्हणाले, छान दिसतेस. खोटं नव्हतं.

११ ऑगस्ट
श्रावणातला पहिला सोमवार. निमानं सोळा सोमवार धरले. शिवाय गुरुवार, शनिवार, चतुर्थी. साबुदाणा नाही, दाणे नाहीत. पाणी आणि एखादं केळं. आई येईल त्याला सांगते, ‘हल्लीच्या मुलींत कोण करतं हो इतकं कडक?’
जेवत नाही म्हणाली असती, तर आईनं विचारलं असतं, का. उपासाला कुणी का विचारत नाही. उपास असलेल्याला खा म्हणायचं नसतं. हे मलाही इतकं लहानपणापासून...

३० ऑगस्ट
निमा स्वैपाकघर सोडत नाही. मी कॉलेजातून शिकवून आले, की काहीतरी केलेलं असतं. शिरा, थालीपीठ, परवा खीर. समोर बसते. मी घास उचलते, तिचे डोळे घासाबरोबर वर येतात.
‘तूप कमी नाही ना पडलं? घे ना ताई आणखी.’
‘तू?’
‘शनिवार ना आज.’
मी खाते. चव चांगली असते. दोन पोलकी उसवून घेतली.

२२ सप्टेंबर
सातवा सोमवार. आई खुशीत. ‘सुमन, मी केले ना लग्नाआधी, तर दर दोन-तीन महिन्यांनी एखादा सोमवार बाजूला बसण्यात जायचा. हिच्यात खंड म्हणून नाही बघ. देवाच्याच मनात आहे.’
मी मनातल्या मनात मागे गेले. ऑगस्ट, जुलै. निमा रोज देवाजवळ होती.
गच्चीवर कपडे वाळत घालताना विचारलं. म्हणाली, ‘जूननंतर नाही. बरंच आहे की. आईला बोलू नकोस हं. सोमवार मोडायला लावील.’
उन्हात तिच्या हातांवर लव दिसली. मऊ, फिकट. पूर्वी नव्हती.
आईला बोलले नाही.

१९ ऑक्टोबर
सेहेचाळीस. बोरिवलीच्या बाई पुन्हा येऊन गेल्या. पुन्हा दंड पाहिला. मग आईला बाजूला घेऊन, ‘आता कशी नीट दिसते! पण चेहरा का हो इतका ओढलेला? काही दुखणं नाही ना? राग मानू नका, डॉक्टरचा एक दाखला असू दे.’
‘देते की,’ आई.
लग्न माघात. पेढे झाले. निमानं तिचा पेढा माझ्या हातात ठेवला.

२३ ऑक्टोबर
बाबांना शेवटपर्यंत बघायचे ते नाक्यावरचे डॉक्टर. त्यांनी निमाची नाडी बराच वेळ सोडली नाही. पाळीचं विचारलं. मी सांगितलं. आईनं माझ्याकडे पाहिलं.
डॉक्टर म्हणाले, ‘दाखला कसला मागताय वहिनी? उद्या हिला भरती करा. हृदय दमलंय पोरीचं.’
रस्त्यात आई म्हणाली, ‘दवाखान्यात ठेवली हे बोरिवलीला कळलं म्हणजे?’ मग बरंच चालल्यावर, ‘आणि व्रत अर्ध्यावर आहे गं.’

२७ ऑक्टोबर
दाखला मिळाला. घाटकोपरच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिला. निमा बाहेर बाकावर बसून होती, तिला आत बोलावलंसुद्धा नाही. प्रकृती उत्तम.
कागद काळेकाकांकडे पोचवला. मी पोचवला.

९ नोव्हेंबर
जिना चढताना निमा पहिल्या मजल्यावर बसली. चक्कर नाही म्हणते, नुसतं बसावंसं वाटलं.
आता आई घाबरली आहे. दिवाळीतल्या उरलेल्या चकल्या पुढे करते. ‘रविवार आहे गं आज, आज काही नाही तुझं.’ निमा म्हणते, ‘उद्या आहे ना. आज खाल्लं की उद्या जड जातं.’ आई डबा लावून टाकते.
मी म्हणाले, ‘बोरिवलीला जाऊन सांगते सगळं. मोडू दे लग्न.’
‘लग्नाचं काय त्यात,’ निमा म्हणाली. ‘ताई, मी खायला लागले ना, तर थांबणारच नाही. तुला नाही कळायचं.’
मला नाही कळायचं.

२४ नोव्हेंबर
सोळावा. पुढच्या सोमवारी उद्यापन, म्हणजे व्रताची सांगता. त्या दिवशी प्रसाद खावा लागतो आणि पुढे मोकळं. आई आणि मी यावर बोलत नाही. पण आईनं आठवडाभराची साय साठवून लोणी काढलं, तूप कढवलं. घरभर वास. निमा खिडकीशी जाऊन उभी राहिली.
आज पहिल्यांदा वाटलं, की कदाचित...

१ डिसेंबर
उद्यापन झालं. चुरम्याचा प्रसाद निमानं चिमूटभर तोंडात टाकला. उरलेला सगळ्या बिऱ्हाडांत वाटून आली. धरून धरून जिना उतरली, तशीच चढली.
दुपारी पानं घेतली. आईनं निमाला भात वाढला, वरण, वर तूप. समोर बसली. म्हणाली, ‘संपलं ना बाळा आता? जेव.’ इतक्या महिन्यांत पहिल्यांदा म्हणाली.
निमानं ताटाला नमस्कार केला. ‘आई, मी आणखी सोळा बोललेय. शुक्रवारचे. सकाळीच, देवापुढे. ते पुरे होईपर्यंत नुसतं दूध.’
‘आता कशाला गं? तुझं ठरलं ना?’
‘माझ्यासाठी नाही. ताईचं ठरावं म्हणून.’
आईचा हात तुपाच्या भांड्यावर तसाच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून हात जोडले.
मी म्हणाले, ‘मला लग्न करायचं नाही. माझ्यासाठी काही नको.’
निमा हसली. ‘असं म्हणू नये ताई. बोललेय मी.’
शुक्रवार पाच तारखेला.