पुढच्या वळणावर नाहीशी होणारी माणसे

जामसंडे, मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

संगणकावरच्या त्या गुन्हेगारी खेळात मी महिनाभर बुडालो आहे. रचना असामान्य: अख्खे शहर मोकळे, हवी ती गाडी पळवावी, हवी तिकडे न्यावी. दोष मात्र अक्षम्य. समुद्राला भरती-ओहोटी नाही, आणि गाडीने उडवलेला माणूस पुढच्या वळणापर्यंत नाहीसा होतो. शुद्ध बालिशपणा!

आज संध्याकाळी देवगडहून परतताना मासे विकणारी एक बाई माझी गाडी चुकवायला गेली आणि टोपलीसकट पडली. मी वेग कमी केला नाही. आरशातही पाहिले नाही.

शेजारी बसलेली माझी बायको सुलभा ओरडली, "अवो, थांबा! ती पडली मा!"

मागे फिरलो. बाई धुळीतले बांगडे गोळा करत होती. "डोळे खंय ठेवलंस रे? माका मारूक निघालंस?" खरचटण्यावर निभावले.

पण आरशात का पाहिले नाही? ती तिथे उरलेलीच नसेल, असे मी गृहीत धरले होते?

उद्या बाबांना ओरोसला दवाखान्यात न्यायचे आहे. जेवताना सुलभा शांतपणे म्हणाली, "बाबांका घेवन मी एस्टीन जातंय. तुमी घराक ऱ्हवा."

जेवण आटोपून मी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली.