व्योसाने नवरीला विचारलं

ज्याकोवा, १९ ऑगस्ट

ती. सानियेताईस,

धाकट्या स्केंदेरचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक पापी. इकडे सगळं ठीक, हातेमेचे गुडघे सोडून. बायको म्हणते ते माझ्यामुळे दुखतात; तिला बरं वाटावं म्हणून तसं लिहितो. तुझा रक्तदाब, भाऊजींची पाठ आणि स्वित्झर्लंडातली थंडी कशी आहे? (ऑगस्टात थंडी नसते हे मला ठाऊक आहे, पण विचारायची पद्धत आहे.)

तुझी लेक व्योसा सुखरूप आहे. हे आधी सांगतो, पुढचं बसून वाच. तिचं गाण्याचं खूळ उतरवून तीस तारखेच्या विमानात बसवीन, म्हणजे दातांच्या डॉक्टरकडची तिची नोकरी जायची नाही, असा शब्द मी तुला दिला होता. अल्बानियन माणसाचा शब्द. तो मोडण्यापेक्षा मी पाय मोडून घेईन. म्हणून युक्ती केली. गावात ज्यांचा शब्द चालतो त्या झेकिर आगांच्या नातवाच्या लग्नात तिला गायला उभं केलं. म्हटलं, फोनवर लाखभर लोकांनी ऐकणं वेगळं आणि बुरेकवर तुटून पडलेल्या चारशे पाहुण्यांपुढे गाणं वेगळं. एकदा आपटली की आपोआप घरी जाईल.

सुरुवात झकास झाली, म्हणजे माझ्या दृष्टीने. कुणी जेवणातून मान वर करीना. तिसऱ्या गाण्याला व्योसाचं लक्ष नवरीकडे गेलं. ती बिचारी रीतीप्रमाणे उभी होती, नजर खाली, हात पोटावर, चेहऱ्यावर हसू नाही. आपल्याकडच्या शहाण्या मुली अशाच उभ्या राहतात. तुझ्या लग्नात तू तर सहा तास राहिली होतीस. पण तिकडे विंटरटूरमध्ये वाढलेल्या पोरीला हे कोण सांगणार? (तू सांगायला हवं होतंस.) तिने वाद्यं थांबवली आणि माइकवरून नवरीला म्हणाली, "ताई, तुझ्या मनाविरुद्ध चाललंय का हे? नुसती मान वर कर. बाहेर मामाची गाडी उभी आहे."

माझी गाडी, ताई! चारशे चेहरे माझ्याकडे वळले. हातेमेने मला ओळखत नसल्यासारखं केलं. नवरीच्या सासूबाईंनी पाणी मागितलं. आणि नवरीने मान वर केली. ती खदाखदा हसत होती. नवरा तिने स्वतःच निवडला होता म्हणे, घरच्यांशी तीन वर्षं भांडून. झेकिर आगा काठी टेकत उठले, तेव्हा मी गाडीच्या किल्ल्या चाचपत होतो.

व्योसा लालबुंद झाली. मग डोळे मिटून, वाद्यांशिवाय, तिने पाठवणीचं ते जुनं गाणं म्हटलं. बायका रडल्या, नवरीही रडली (म्हणजे रीतही पार पडली), आणि आगा डोळे पुसत म्हणाले, "स्केंदेर, ही पोर कुणाची?"

"आमच्या सानियेची."

"तरीच," ते म्हणाले.

आता पाच गावांतल्या लग्नाळू मुली अडून बसल्यात की गायला व्योसाच हवी, आणि तिने सगळ्यांसमोर तो प्रश्न विचारलाच पाहिजे.

भाऊजींना कडकडून मिठी.

तुझा आज्ञाधारक,
स्केंदेर

ता. क. तीस तारखेला तिला विमानात बसवतोच, शब्द म्हणजे शब्द. फक्त तिचं परतीचं तिकीटही काढलंय आणि शेजारच्या खुर्चीत मी आहे, तिला गाऊ द्यायची तुझी परवानगी मागायला. खोली झाडून ठेव.

आणखी एक. पाठवणीचं ते गाणं कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर व्योसा म्हणाली, आई भांडी घासताना म्हणते, मी आले की थांबते. ताई, तू सहा तास मान खाली घालून उभी होतीस, तेव्हा तुला कुणीच विचारलं नाही. त्याआधी बाबांनी तुझं गाणं बंद केलं, तेव्हा तू गाऊ नयेस म्हणून दाराशी राखणीला मीच बसलो होतो. आम्ही आलो की थांबू नकोस.