शिवकांताबाईंचा फोल्डर

३ जुलै, नांदेड
लातूरहून सामान आलं. दोन कपबश्यांखेरीज काही फुटलं नाही! निवृत्तीनंतर भिंतींशी बोलण्यापेक्षा इथल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात पुस्तकांची यादी करणं बरं. खिडकीजवळचा संगणक मला मिळाला. आधीच्या शिवकांताबाई जूनअखेर काम सोडून मुलीकडे जळकोटला गेल्या. शिपाई बजरंग त्यांचं कौतुक सांगताना थकत नाही. त्याच्यासाठी म्हणे डब्यात रोज एक भाकरी जास्त असायची.

५ जुलै
नवं खातं काढायला मंजुरी लागते, म्हणून संगणकवाल्या उमाशंकरने शिवकांताबाईंच्याच खात्यावर माझं नाव चढवलं. आतला फोल्डर मात्र त्यांच्याच नावाचा. मी हरकत घेतली, तर म्हणतो, काम चालू हाय ना मॅडम, नावाचं काय घेऊन बसल्या? कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला दुसऱ्या मुलीच्या वहीत रेघसुद्धा ओढू दिली नव्हती. समोर बसवून त्याच्याकडून फोल्डरवर माझं नाव, ‘तारामती’, लिहून घेतलं.

६ जुलै
बजरंगला शिवकांताबाईंविषयी काही विचारलं. कोण शिवकांताबाई, म्हणाला. चेष्टा करत नव्हता. हजेरीपटावर जूनभर माझी सही आहे, माझ्याच अक्षरात. जूनमध्ये मी लातूरला होते.

७ जुलै
टेबलाच्या काचेखाली जळकोटचा नंबर होता. लावला. त्यांची मुलगी रेणुका म्हणाली, मावशी, मला आई न्हाई. मग रडायला लागली. घरात दुसरं ताट वाढून ठेवलंय, ते कुणाचं ते तिला आठवेना.

१० जुलै
उमाशंकर म्हणतो, एका फोल्डरला दोन नावं लागत नाहीत. माझं वेगळं खातं काढ म्हटलं, तर मंजुरीला महिना लागेल. रेणुकाला पुन्हा फोन केला. कुठलं ताट, म्हणाली.
महिना थांबता येणार नाही.
लातूरला कुणाला कळवावं म्हणून फोनमधली नावं पाहिली. गॅसवाला. दवाखाना. मला विसरायला आहे तरी कोण?

११ जुलै
उमाशंकर आलाय. जुनं नाव परत घाल म्हटलं. कुरकुरतोय, पण घालतोय—

झालं. रेणुकाचा फोन. मागे कुणीतरी हसतंय. चुकून लागला, आई हसतीय मला, म्हणाली. ठेवला.

बजरंगने चहा आणला. एकच कप— उमाशंकरला. तो विचारतोय, इथं कुणी मॅडम होत्या का? बजरंग न्हाई म्हणतो— खुर्ची ओढतोय— अरे, मी बसलेय— बजरंग, मी त