कागदावरचे दोन एकर

९ एप्रिल २०२५

साडेतीन हजार पोटगी! बारा मागितले होते, मंजूर झाले साडेतीन. आकांक्षाची शाळेची फी आणि ऑटोवाला, खल्लास. बाकी पोरीने हवा खायची.

किशोरचा (आकांक्षाचा बाप. नवरा म्हणायचं मी सोडलं.) पगार अडतीस हजार, अकोल्याला डाळमिलमध्ये सुपरवायझर. ते त्याने नाकारलंसुद्धा नाही. मग साडेतीन आले कुठून?

कोर्टाने दिलेल्या वकील मॅडमकडे माझ्यासारख्या चाळीस जणी. त्यांची वाट पाहिली नाही, लॅबच्या काउंटरवरच दोन पेशंटच्या मधे ऑर्डर वाचून काढली. पान चार. माझ्या नावे अंजनगाव सुर्जीला संत्र्याचा बगीचा आहे म्हणे! दोन एकर! त्याचं वर्षाला एक लाख वीस हजार उत्पन्न मला मिळतं, आणि ते मी शपथपत्रात लपवलं.

लपवलं. मी!

बाबांचा सहा एकर बगीचा सगळा प्रीतमदादाचा. बाबा गेल्यावर तेविसच्या भाऊबीजेला मी माझा हिस्सा सोडून दिला, स्टॅम्पपेपरवर सही करून. कुणाचा तरी कागद माझ्या फायलीत घुसला असणार. दादाला फोन केला तर तो म्हणाला, काही काळजी करू नको, असं होत राह्यते, मी आहो ना. बरं वाटलं.

१२ एप्रिल

वकील मॅडमने मोबाइलवर सातबारा काढून दाखवला. आई, दादा आणि मी. माझं नाव तसंच!

म्हटलं, मॅडम, मी तर हक्कसोड करून दिलंय. नोंदणी कुठे झाली, त्यांनी विचारलं. नोंदणी नाही, घरीच. भाऊबीजेला.

"वाचून सही केली होती?"

काय सांगू? ओवाळून झालं होतं. ताटात दादाने साडी ठेवली, मोरपंखी, काठाची. आणि मग कागद काढला. बोलला, रागिणी, हे एक उरकून टाकू. तिथे चष्मा लावून वाचत बसायचं? भावाने साडी दिली आणि बहीण कागद तपासते! आमच्यात कोणती बहीण वाचते? आत्यानेही नव्हता वाचला. मी तर उलट घाईच केली, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

लॅबमध्ये मी एका सॅम्पलवर नाव तीनदा तपासते. बी.एस्सी. बाई मी.

मॅडम म्हणाल्या, मला जाता आलं नाही त्या तारखेला समोरच्यांनी काही कागद दिले होते. (आकांक्षाला ताप होता. मॅडमनेही मला कळवलं नाही, ते त्यांनी मान्य केलं, एवढं तरी.) नक्कल मागवलीय.

१३ एप्रिल

दादाचा फोन. नोंदणी राहूनच गेली म्हणे, बहाराची गडबड होती. होतं असं. माणूस आहे.

२४ एप्रिल

नक्कल मिळाली.

हक्कसोड नाहीच. ते ठोकेपत्र आहे, जमीन वर्षाच्या भाड्याने दिल्याचा कागद! "मी माझ्या हिश्श्याचा दोन एकर बगीचा भाऊ प्रीतम याला ठोक्याने वाहायला दिला असून वर्षाचे एक लाख वीस हजार रुपये मला रोख मिळाले." खाली माझी सही, माझीच, ती शेपटीसुद्धा. साक्षीदार म्हणून आईची सही.

आणि त्याच्यामागे दादाचं शपथपत्र, या फेब्रुवारीतलं. बहिणीला दरवर्षी वेळेवर ठोका देतो. कोर्टात! माझ्या विरोधात! किशोरच्या वकिलाने बोलावलं आणि हा गेला. त्याच महिन्यात माझ्याकडे जेवून गेला होता. वांग्याची भाजी केली होती, दोनदा वाढून घेतली.

एक रुपया दिला नाही त्याने मला. साडी सोडून.

२५ एप्रिल

काही लिहायचं नाही आज.

२७ एप्रिल, रविवार

अंजनगावला जाऊन आले. आकांक्षाला घरमालकीणबाईंकडे ठेवलं. ती रुसली, मामाच्या बगीच्यात मलापण यायचंय म्हणून.

एसटीत दर्यापूरपर्यंत मनात भांडण जुळवत होते, आधी हे बोलीन, मग ते. गेले तर वहिनीने चहा ठेवला, दादाने पाणी दिलं, आणि जुळवलेलं भांडण तसंच राहिलं! शेवटी नक्कल काढून टेबलावर ठेवली.

त्याने ती वाचलीच नाही. त्याला पाठ असेल. मग सांगायला लागला, सरळ, हिशेब सांगावा तसा. पीकविमा सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाच्या नावाने असतो. माझ्या हिश्श्याचा विमा त्याला काढायचा तर माझ्याशी ठोक्याचा कागद पाहिजे. हक्कसोड केलं असतं तर आणखी नोंदणी, खर्च, तहसील. म्हणून हे केलं. दोन वर्षं विमा मिळाला, माझ्या हिश्श्याचाही.

मी विचारलं, ते ठीक. पण कोर्टात काहून गेला?

"किशोरच्या वकिलाजवळ कागद होता, विमावाल्याकून काढला त्यानं. मी म्हटलं असतं का पैसे नाही देले, त विमावाल्यानं मलेच धरलं असतं. खोटा कागद म्हणून. तुयं काय, तुले कोर्ट पुन्हा देईन."

तुयं काय! आकांक्षाची शाळा तेवीस जूनला उघडते, त्याआधी वर्षाची फी नाही भरली तर तिचं नाव कमी होणार. दोन वर्षं लागली पोरीला त्या शाळेत हसायला. पहिल्या वर्षी डबा तसाच परत यायचा. हे त्याला माहीत आहे. त्यानेच तेव्हा कडेवर घेऊन तिला गेटपर्यंत सोडलं होतं.

एवढंच मागितलं त्याला. कोर्टात ये आणि खरं सांग, ठोका दिला नाही म्हण. म्हणाला, पाहतो.

आई न्हाणीजवळ भांडी घासत बसली होती. साक्षीला सही काहून केली म्हणून विचारलं, तर मान वर न करता बोलली, "त्यानं म्हटलं सही कर, म्या केली. तू बी त केली."

परतीच्या गाडीत रडले. शेजारची बाई संत्रं सोलून फोडी देत राहिली, काही विचारलं नाही. खाल्ल्या.

४ मे

पंधरवड्याचा रविवार. बडनेरा स्टेशनवर आकांक्षाला किशोरकडून परत घ्यायचं होतं. तिच्या हातात नवी बॅडमिंटन रॅकेट. साडेतीन हजारात बसवली असेल.

मी म्हटलं, खोट्या कागदावर पोरीचे पैसे कापले तू. लाज वाटते का?

"मले काय म्हणतेस? तुयाच भावाचा कागद आहे. मी त फक्त नेऊन देला."

आयुष्यात पहिल्यांदा किशोर खरं बोलला, आणि नेमकं हे.

१९ मे

दादा फोन उचलत नाही. वहिनी उचलते. ते बगीच्यात आहेत. ते अकोटला गेले. ते झोपले. सकाळी अकराला झोपले!

२ जून

मॅडमने ऑर्डर बदलून मिळण्याचा अर्ज तयार केलाय. दादाच्या नव्या शपथपत्राची जागा कोरी. त्याच्याशिवाय कोर्ट ऐकणार नाही, माझी सही आहे ना त्या कागदावर. मॅडम ओशाळल्यासारख्या वाटल्या, त्यांनी टायपिंगचे पैसे घेतले नाहीत.

सोन्याची पोत गहाण ठेवून अर्धी फी भरली. बाकी अर्धीला वीस जूनपर्यंत मुदत.

१५ जून, रविवार

दादा आला. अचानक, सकाळीच, आईला घेऊन. पिशवीत आंबे. आकांक्षा त्याच्या गळ्यात पडली आणि मला वाटलं, चला, आला शेवटी. माझा दादा आहे. मीच दोन महिने त्याच्याबद्दल नाही नाही ते लिहिलं.

चहा झाला. त्याने दोन कागद काढले. एक शपथपत्र. ठोका दिला नाही, बहिणीला काहीच उत्पन्न नाही, सगळं बरोबर लिहिलेलं. त्यावर त्याची सही नव्हती. दुसरा हक्कसोड. खरोखरचा या वेळी, नोंदणीसाठी तयार केलेला.

म्हणाला, उद्या आधी निबंधकाकडे तू हक्कसोड करून दे, मग तिथूनच मी कोर्टात येतो. विम्याचं जे होईल ते होईल, तुझ्यासाठी सोसतो.

म्हणजे पोरीचे पैसे पाहिजेत तर जमीन दे. जी मी त्याला फुकट दिली होती! मागितली असती तर पुन्हा दिली असती, शपथ. त्याने फक्त मागायची होती.

मी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि वाचायला बसले. तो म्हणाला, वाचायचं काय त्यात. मी वाचत राहिले. सहा पानं. गट नंबर, चतुःसीमा, उत्तरेला नाला, पूर्वेला बाबांनी लावलेली चिंच. चिंचेचासुद्धा उल्लेख आहे! आई मधे एकदा म्हणाली, "सही करून टाक बाई, भाऊ दारात आलाय." तिच्याकडे पाहवेना.

संपवून कागद घडी करून परत दिला. उद्या सांगते म्हटलं.

तेव्हा दादा उठला आणि चपला घालता घालता म्हणाला, "पाह्य बाप्पा. माहेर पाह्यजे का पोटगी, तू ठरव."

आंबे तसेच पडून आहेत.

१६ जून

त्याला फोन केला नाही. त्याचे सात आले.

१७ जून

मॅडमला एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, येतं ना करता, का नाही येत! अर्जाला तर एक पान पुरतं. यंदाच्या ठोक्याच्या पैशाची नोटीसही त्याच कागदाच्या जोरावर देता येते, तो दरवर्षी देतो असं त्यानेच शपथेवर सांगितलंय.

कोर्टात ऑर्डर बदलायचा अर्ज नंतर. आधी हे. उरलेली अर्धी फी लॅबमधून पगाराची उचल घेऊन भरते.

१८ जून

अंजनगावच्या तहसीलमध्ये अर्ज दिला. नाव कमी करण्याचा नाही, वाटणीचा. मोजणी करून माझे दोन एकर वेगळे करून द्या. पोच घेतली, शिक्का वाचून घेतला.

घरी आल्यावर आकांक्षाने विचारलं, मामाच्या बगीच्यात गेली होतीस? मला न घेता?

म्हटलं, आपल्या. रविवारी तुलाही नेते.