सहा, बारा आणि मी

तीर्थस्वरूप मामांना,

नमस्कार. (कंबर धरली आहे, साष्टांग जमणार नाही, घातला असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी शेकायला सांगत असतील तर शेका, वाद घालू नका. वादाने काय होतं ते मी परवाच कॉलेजात पाहिलं.

तिथे मी अकरा वर्षं गणिताचा हंगामी प्राध्यापक आहे (दर वर्षी नवं नेमणूकपत्र), हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा कायम जागेची मुलाखत होती. समोर प्राचार्य (रसायनशास्त्राचे, बिचारे) आणि बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ: एक टकले, दुसरे कानाला यंत्र लावलेले. टकल्यांनी विचारलं, पूर्णांकी बहुपदींच्या वलयातून, घड्याळासारख्या फिरणाऱ्या शून्य ते पाच या सहा आकड्यांच्या वलयात होमोमॉर्फिझम किती? म्हणजे (घाबरू नका) बहुपदी तिकडे अशा न्यायच्या, की इथली बेरीज आणि गुणाकार तिथेही तसेच टिकतील. गंमत अशी, की एक्सला कुठे बसवायचं तेवढं ठरवलं की बाकीचं बिऱ्हाड मुकाट्याने मागून जातं. जागा सहा, म्हणून मी म्हणालो, सहा. टकले खुलले. मी मनातल्या मनात हजेरीपटावर कायमची सही करून टाकली.

यंत्रवाले म्हणाले, बारा.

झालं! टकल्यांचं म्हणणं, एकाने एकावरच जायला हवं. यंत्रवाल्यांचं म्हणणं, ही अट घातली कोणी? एक तीनवर जाईल, चारवर जाईल (त्या वलयात या दोघांचा वर्ग केला तरी ते जागचे हलत नाहीत), शून्यावरसुद्धा जाईल. पाऊण तास हेच. टकले बोलू लागले की यंत्रवाले यंत्र बंद करत. माझ्याकडे कोणी बघेना. शेवटी प्राचार्यांनी काकुळतीला येऊन मला काहीतरी मध्यम मार्ग विचारला.

"नऊ," मी म्हणालो.

मामा, अकरा वर्षांच्या हंगामी नोकरीने कण्याचं असं होतं. यंत्रवाल्यांनी यंत्र सुरू केलं आणि दोघांनी मिळून मला धुऊन काढलं. तेव्हा मात्र मला माझाच राग आला. उठलो, खडू घेतला. एक एकावरच जाणार असेल तर सहा. अट काढली तर एक तीनवर गेल्यास आणखी दोन, चारवर गेल्यास तीन, शून्यावर गेल्यास एक, एकूण बारा.

"दोघांचंही बरोबर आहे," मी म्हणालो. "अट प्रश्नातच सांगायला हवी होती."

प्राचार्यांनी विचारलं, मग प्रश्न काढला कोणी? यंत्रवाल्यांनी यंत्र बंद केलं, टकल्यांनी समोरच्या कागदावर अट लिहायला घेतली.

काल पत्र आलं. मी कायम झालो. मामींच्या कानावर घाला.

तुमचाच,
भाचा

ता. क. मुख्य काम राहिलंच. अभिनंदनाचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. घरी मी लग्नाच्या आधीपासून कायम आहे. सासऱ्यांना तेव्हा तसंच सांगितलं होतं, मग दुरुस्त करायचं राहून गेलं.

ता. क. (सूनबाईकडून) मामा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं. लग्न ठरलं तेव्हा तुम्हीच बाबांना खरं सांगून गेला होतात, हे मी यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. दर वर्षी सुट्टी संपत आली की कायम नोकरीतला माणूस पोस्टमनची वाट बघत दारात का उभा राहतो, हे मी कधी विचारलं नाही. अभिनंदनाचं पत्र मात्र मलाही एक वेगळं पाठवा.