जोडीदाराची सही

४ मार्च, सोमवार

पुन्हा क्लास! तेही सुट्टीच्या दिवशी! नशापाण्याचे नियम वर्षातून दोनदा ऐकायचे, आणि जो पीत नाही त्यानेच पहिल्या बाकावर बसायचं — कारण मागचे बाक पिणाऱ्यांनी आधीच धरलेले. साहेबांनी दीड तास वाचलं. कामावर यायच्या आधी आठ तास थेंब नाही. खोकल्याचं औषध घेतलं तरी लिहून द्या. फुंकणीत फुंकायला नाही म्हटलं तर प्यायलाच असं धरणार. (तोंडात नळी धरून फुंकायचं मशीन. आमच्या रेल्वे यार्डात सगळे त्याला फुंकणीच म्हणतात.) अपघात झाला तर झाडून सगळ्यांनी फुंकायचं. जो पकडला जाण्याआधी स्वतःहून सांगेल त्याला उपचार, नोकरी शाबूत. पकडला गेला तो घरी.

शेवटी सगळं वाचून सही करा म्हणाले. सातवीत शाळा सुटलेली, माझं वाचून होईपर्यंत लोक जेवून आले.

दाजी शेवटच्या बाकावर. घोरत होते.

५ मार्च

आज दाजींना वास होता. लवंग होती तोंडात, पण लवंगेखाली दुसरा होता.

आमच्याकडे अशी रीत — दोघांची जोडी. कामाला हात लावायच्या आधी समोरासमोर उभं राहायचं, डोळे बघायचे, वास घ्यायचा, आणि एकाने दुसऱ्यासाठी वहीत सही करायची. हा शुद्धीत आहे म्हणून. फुंकणी रोज नसते, चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्यालाच. बाकीच्या दिवशी जोडीदाराचं नाक हीच फुंकणी.

आणि माझा जोडीदार कोण, तर सख्ख्या बहिणीचा नवरा! ज्यांनी मला घरून एवढ्या लांब आणून कामाला चिकटवलं, ज्यांच्या खोलीत मी पथारी टाकतो. त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन मी काय बोलणार?

"कर रे मेव्हण्या, ड्रायव्हर खोळंबलाय," म्हणाले. केली. पाच महिने करतोय.

७ मार्च

वास. सही. वैताग.

९ मार्च, शनिवार

कोपर सोललंय म्हणून अक्षर वाकडं.

दोन डब्यांच्या मधे उतरून हवेचा पाइप जोडायचं काम माझं. बाहेर उभं राहून ड्रायव्हरला हात दाखवायचं काम दाजींचं. मधला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त बाहेरच्याचा हात. माझा पाइप अजून हातातच, आणि दाजींनी हात हलवला. डबा सरकला. वीतभरच. मी बाहेर कसा पडलो ते मलाच सांगता येणार नाही.

दाजी म्हणाले, माशी हाकलत होतो.

माशी!

साहेबांनी कोपराचं विचारलं. पाय घसरला म्हणालो. खरं सांगितलं असतं तर फुंकणी आली असती, आणि फुंकणी आली की दाजी गेले. ते मान खाली घालून बूट बघत होते.

१० मार्च, रविवार

आज तोंड उघडलं. दाजी चहा गाळत होते. म्हटलं, स्वतःहून नाव द्या, नोकरी जात नाही, साहेबांनी वाचून दाखवलंय, तुम्ही झोपला होतात. तर म्हणे अजून तुझं लग्न नाही आणि तू मला अक्कल शिकवायला लागलास, तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. मी म्हटलं, त्याच नाकाला परवा वास आला. यापुढे आला तर सही करणार नाही.

चहा गार झाला. दोघांचाही.

दुपारी ताईचा फोन. यांना सांभाळून घे रे, म्हणाली, तू आहेस म्हणून मला घोर नाही. आणि मला कोण सांभाळून घेणार, डबा? हे तिला बोललो नाही. इथे लिहितो.

१३ मार्च

तीन दिवस वास नाही. की लवंगा वाढवल्या? पण चिडचिड अशी की विचारू नका. टॉवेल इथे का, बादली तिथे का, तू एवढ्या जोरात का चावतोस! जेवताना चावू नको तर काय करू?

१४ मार्च, गुरुवार

सकाळी समोरासमोर उभे राहिलो. दाजींचे डोळे लाल. कपाळावर घाम. माझ्यासाठी सही करायला पेन धरलं तर ते कागदावर टकटक वाजायला लागलं, इतका हात कापत होता. हाच हात बघून ड्रायव्हर डबा हलवणार!

वही मिटली. म्हटलं, "मी यांच्यासाठी सही करत नाही."

साहेब आले, फुंकणी आली. दाजींनी फुंकलं. शून्य. परत फुंकायला लावलं. शून्य. मग लघवी तपासायला घेऊन गेले.

संध्याकाळी ताईचा फोन. रडत होती. रविवारपासून त्यांनी थेंब घेतला नाही म्हणाली, तुझ्याच बोलण्यावरून सोडली. एकदम सोडली की हात कापतात, एवढंही तुला कळलं नाही?

नाही कळलं. क्लासमध्ये पिण्याबद्दल सांगतात. सोडण्याबद्दल कोण सांगतं?

१५ मार्च

लघवीही साफ. साहेबांनी मला बाजूला घेतलं — घरची भांडणं यार्डात आणू नकोस म्हणाले. दाजींना हात थांबेपर्यंत ऑफिसात बसवलंय. पोरं मला बघून गाल फुगवून फू करतात.

पिऊन आले तेव्हा सही केली. न पिता आले तेव्हा अडवलं. माझ्याएवढा गाढव साऱ्या यार्डात नसेल!

१६ मार्च

दाजी बोलत नाहीत. माझा डबा मात्र भरून ठेवतात.

१८ मार्च, सोमवार

दाजी सकाळी साहेबांकडे गेले. कुणी बोलावलं नव्हतं. फुंकणी शून्य, लघवी साफ, केसालाही धक्का लागला नव्हता. तरी लिहून दिलं — सात महिने पिऊन येत होतो, नऊ तारखेला मेव्हण्याच्या अंगावर डबा घातला असता. नोकरी शाबूत. उद्यापासून उपचार.

मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाले, "तू खोटा नव्हतास, हे सगळ्यांना कळायला नको?"

मग साहेबांनी वही मागवली. पाच महिने, रोज, माझी सही.

स्वतःहून सांगणाऱ्याला सूट आहे, ती पिणाऱ्याला. सही करणाऱ्याला नाही. उद्या दहाला बोलावलंय.