मधल्या दोन रेघा

प्रिय गोपा,

त्या डॉक्टरांच्या कार्यशाळेत काय सुटलं म्हणून दाजींनी मागं विचारलं होतं. काय सुटलं ते राहू दे, खर्च काय झाला ते सांगतो. पातेलंभर वांग्याची भाजी, माझी भूक, आणि आपल्या घरचं एक लग्न. भाजीचं आधी लिहितो, कारण लग्नाचं लिहायला हात धजत नाही. फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतीस आणि ‘मामा काय म्हणून राह्यला’ ते ऐकायला सगळं घर गोळा होतं. हे पत्र एकटीनं वाच.

प्रियदर्शनीची आणि तुझ्या परमेश्वरची तारीख काढा म्हणून तू दिवाळीपासून मागं लागलीस. लागणारच, हक्क आहे तुझा. माझी पोर पाळण्यात होती तेव्हा तू तिला कुंकू लावलंस आणि भरल्या बारशात म्हणालीस, “दादा, ही माझी सून. हिच्यावर दुसऱ्या कुणाची नजर बी नको.” मी हसून तुला पेढा भरवला. मामाची पोरगी भाच्याला, यात विचार करण्यासारखं काय होतं? तुलाही आपण आत्याच्याच घरी दिली होती. दाजी परके थोडेच होते.

तर कार्यशाळा. बदनापूरच्या स्टेशनपुढं चहा विकणारा तुझा भाऊ आता जालन्यात डॉक्टरांच्या पंगती उठवतो, हे बाबांनी पाहायला पाहिजे होतं. शिकायला तालुक्यातालुक्यातले तरुण डॉक्टर आणि नर्सबाया, शिकवायला बाहेरून आलेले मोठे डॉक्टर. विषय एकच, आईबापाच्या रक्तातून लेकरात उतरणारे आजार. भाषणं अशी लांबायची की वरण पुन्हा पुन्हा गरम करावं लागे. अंबडची एक नर्सबाई मला म्हणाली, “काका, भाषण गार झालं तर चालतंय, वरण तेवढं गार होऊ देऊ नका.” माझे कान तर तुला माहीतच आहेत. मांडवाच्या त्या टोकाला कुणी पुटपुटलं की पोळ्या कमी पडतील, तर इकडं मी परात उचललेली असते. माझ्या भटारखान्यात माझ्या कानाआड काही घडत नाही, हे मी चारचौघांत छाती ठोकून सांगत आलोय.

भटारखाना सभागृहाच्या मागंच होता, मधे नुसता पडदा. आत एक डॉक्टरबाई फळ्यावर घराणं काढून दाखवत होत्या. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. नवरा-बायकोच्या मधे एक रेघ, पण लग्न नात्यातलं असलं की दोन रेघा. खाली लेकरं. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. बाईंनी खालचा एक चौकोन खडूनं पुरा भरून टाकला आणि सांगायला लागल्या. पोर पांढरं पडतं, पोट फुगतं, खेळता खेळता भिंतीला टेकून बसतं, रक्त चढवलं की काही दिवस टवटवीत, पुन्हा तेच. गोपा, त्या तुझ्या गेलेल्या लेकाचं, आपल्या बबलूचं सांगत होत्या. जन्मात कधी पाहिलं नव्हतं त्यांनी त्याला. मी झारा धरून तसाच उभा, आणि मागं भाजी करपली.

मला समजलं ते असं. या आजाराचा अर्धा वाटा आईकडून आणि अर्धा बापाकडून, असे दोन्ही आले तरच लेकरू आजारी पडतं. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. एका घराण्यातल्या दोघांचं लग्न झालं की दोघांकडं तोच वाटा असायची भीती जास्त. म्हणजे बबलूचा आजार जेवढा तुझ्याकडून आला तेवढाच दाजींकडून. आणि आत्या मात्र मरेपर्यंत तुला म्हणत राहिली, “पांढऱ्या पायाची, पोर खाल्लं हिनं.” आपण नजर उतरवली, धागे बांधले, तू खाली मान घालून ऐकत राहिलीस. आता आत्या नाही. हे कुणाला ऐकवायचं?

शेवटच्या दिवशी शिकणाऱ्यांना सराव हवा होता, म्हणून बाईंनी आमच्या माणसांनाही विचारलं, रक्त तपासून घेता का? आचारी पळाले. टेम्पो लावून आलेला परमेश्वर पुढं झाला, त्याच्या मागं कूपनं गोळा करणारी प्रियदर्शनी. मला वाटलं, होणारा जावई सासऱ्यापुढं मर्दुमकी दाखवून राह्यला. मी त्याची चेष्टा केली, “सुईला भिऊ नको रे, पुढं बायको आहे.” सगळे हसले. तो हसला नाही.

परवा दोघं माझ्यापुढं येऊन बसले. दोघांतही तो अर्धा वाटा निघालाय. बाईंना त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं. दर खेपेला चारात एक भीती. पोटात असतानाच तपासता येतं, पुढचा निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा. तो निर्णय त्यांना घ्यायचा नाही. परमेश्वर म्हणाला, “मामा, आईला पुन्हा ते दवाखाने दाखवायचे न्हाईत मला. पण तिच्या तोंडावर बोलायला जीभ उचलत न्हाई. तुम्ही कळवा.” प्रियदर्शनी नखानं सतरंजीचा दोरा उसवत राहिली. जिला हे लग्न नको होतं अशी पोर तशी बसत नाही, एवढं मला कळतं. म्हणून हे पत्र, गोपा. तारीख निघणार नाही. शिव्या द्यायच्या तर मला दे, शब्द माझा होता. परमेश्वरला मात्र काही न विचारता जेवायला वाढ. रिपोर्ट येऊन बरेच दिवस झाले होते. दोघांनी सगळं बोलून ठरवलं ते माझ्याच भटारखान्यात, चहाच्या पिंपाजवळ, मी शेजारी पोळ्या मोजत असताना. मला काही ऐकू आलं नाही.

तुझाच थोरला,
रायभान